सहलीच्या कार्यक्रमातली अमेरिका आणि तिथल्या माणसांची अमेरिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी संक्रांत झाली की माझ्या फोनवर सहलींचे कार्यक्रम यायला लागतात. पुण्याची मावशी, सांगलीचे मामेसासरे, नागपूरची मैत्रीण, प्रत्येकाच्या हातात एक रंगीत पत्रक आणि प्रश्न एकच: "तू तिथे राहतेस, हे बरोबर आहे का बघून सांग." न्यू जर्सीत मला बावीस वर्षं झाली. सुरुवातीला मी माझ्याच मनाने उत्तरं देत असे. पुढे लक्षात आलं की माझ्या राज्याबाहेरचं मला तुटपुंजंच ठाऊक आहे. तेव्हापासून पत्रक आलं की मी ते त्या राज्यात वाढलेल्या कोणाला तरी दाखवते. त्यात ऑफिसातले सहकारी असतात, शेजारी असतात, लेकीच्या मैत्रिणींचे आईवडील असतात आणि महाराष्ट्र मंडळातली जुनी माणसंही. त्यांना फक्त "हे तुमचं राज्य आहे का?" असं विचारते. त्या उत्तरांतून हे जमलं आहे.

थोडक्यात सांगा, हे कार्यक्रम राज्याचं खरं दर्शन घडवतात का?

जे दाखवतात ते खरंच असतं, पण त्याला दिलेलं नाव फार मोठं असतं. 'ॲरिझोना' म्हणून एक दरी, 'कॅलिफोर्निया' म्हणून दोन शहरं, 'पेनसिल्व्हेनिया' म्हणून एक घंटा आणि चॉकलेट. पत्रकातला पॉइंट वाईट आहे असं मला कोणीच म्हणालं नाही. "आणि बाकीचं?" असं मात्र जवळजवळ सगळ्यांनी विचारलं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. 'महाराष्ट्र दर्शन' म्हणून कोणी गेटवे, शिर्डी, वेरूळ-अजिंठा आणि महाबळेश्वर दाखवलं, तर चंद्रपूरच्या माणसाला काय वाटेल? लोणार नाही, ताडोबा नाही, मेळघाट नाही. अमेरिकेतल्या स्थानिकांचं दुखणं नेमकं हेच आहे.

न्यूयॉर्क–फिलाडेल्फिया–वॉशिंग्टन–हर्शी–कॉर्निंग–नायगारा ही टूर कशी आहे?

आपल्या टूरवाल्यांची पूर्व किनाऱ्याची ठरलेली वाट हीच. पहिल्यांदा येणाऱ्याला मी ती टाळा म्हणणार नाही. नायगाऱ्याच्या कठड्याला धरून माझ्या सासूबाई दहा मिनिटं एक शब्दही न बोलता उभ्या होत्या. ते सुख मी कोणाचंही हिरावून घेणार नाही.

पण अंतरं समजून घ्या. न्यूयॉर्क शहर ते नायगारा साधारण ६५० किलोमीटर, म्हणजे आपल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाहून थोडंच कमी. आणि दोन्ही टोकं एकाच राज्यात! मधल्या मुलखाला तिथले लोक 'अपस्टेट' म्हणतात. पर्यटकाच्या वाट्याला तो बसच्या खिडकीतूनच येतो.

कॉर्निंगचंच बघा. तिथलं काचेचं संग्रहालय पैसे वसूल करणारं आहे. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीच्या आरशासाठी १९३४ साली ओतलेली पण बिघडलेली पहिली काचेची तबकडी तिथे ठेवली आहे. तिचा व्यास ५ मीटर. पण हा मुलूख फिंगर लेक्सचा आहे. बोटांसारखी लांबोडकी ११ सरोवरं, उतारांवर द्राक्षमळे, आणि कॉर्निंगहून अर्ध्या तासावर वॉटकिन्स ग्लेनची घळ, जिच्यात जेमतेम ३ किलोमीटरच्या वाटेवर १९ धबधबे आहेत. तिकडचा माझा एक सहकारी दर वेळी कळवळून सांगतो की दोन तास जास्त थांबा, बस तशीही तिथूनच जाते. (पायऱ्या मात्र पुष्कळ आहेत आणि हिवाळ्यात घळीतली वाट बंद असते.) त्याहून उत्तरेला ॲडिरॉन्डॅक पार्क आहे, ६० लाख एकरांचं. पुणे आणि सातारा जिल्हे एकत्र केले तर जेवढं होईल त्याहून किंचित कमी. कुठल्याही मराठी पत्रकात मी त्याचं नाव वाचलेलं नाही.

हर्शी या चॉकलेटच्या गावाबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नातवंडं हिरमुसणार नाहीत. प्रत्यक्ष कारखान्यात पर्यटकांना नेणं १९७३ सालीच बंद झालं. आज दाखवतात ते चॉकलेट कसं बनतं याचं छान रचलेलं दर्शन. गावातले रस्त्यावरचे दिवे चॉकलेटच्या आकाराचे आहेत, ते जरूर बघा. पण पेनसिल्व्हेनिया त्यापलीकडे आहे. डोंगररांगांपलीकडचं पिट्सबर्ग फिलाडेल्फियापासून जवळजवळ ५०० किलोमीटर. तीन नद्यांचा संगम, शेकडो पूल, कड्यावर चढणारी १८७७ सालची झुकती रेल्वे. आपली जुनी माणसं या शहराला ओळखतात ती १९७०च्या दशकात उभ्या राहिलेल्या व्यंकटेश्वराच्या मंदिरामुळे.

डेलावेअर हमरस्त्यावरून अर्ध्या तासात संपतं. 'सहा राज्यं पाहिली' या आकड्यात ते धरलं जातं, एवढंच.

आमचं हॉटेल न्यू जर्सीत आहे, पण कार्यक्रमात न्यू जर्सी कुठेच नाही. बघण्यासारखं काही नाही का?

हा प्रश्न मला मनापासून लागतो, म्हणून उत्तर लांब देते.

न्यू जर्सीतली हॉटेलं मॅनहॅटनपेक्षा स्वस्त पडतात, बस उभी करायला जागा असते, एडिसन गावातल्या ओक ट्री रोडवर आपलं जेवण मिळतं. म्हणून मुक्काम इथे आणि दर्शन तिकडे. पाहुण्यांना दिसतो तो विमानतळ आणि टर्नपाइक हा टोल रस्ता. त्याचा उत्तरेकडचा पट्टा तेलाच्या टाक्या, नळकांडी आणि गोदामांनी भरलेला आहे. त्यावरून राज्याबद्दल जे मत बनतं ते पुढे कधी बदलत नाही.

प्रत्यक्षात राज्याच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर पाइन बॅरन्स पसरलं आहे. वाळूची जमीन आणि पाइनची झाडं. झाडपाल्याचा अर्क आणि लोह उतरल्यामुळे ओढ्यांचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. १९७८ साली कायद्याने हा भाग राखीव झाला. आज जगभर खाल्ली जाणारी बागायती ब्लूबेरी इथलीच. व्हाइट्सबॉग नावाच्या वस्तीत एलिझाबेथ व्हाइट आणि शास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानातल्या झुडपांतून निवड करत ती तयार केली आणि १९१६ साली पहिलं पीक बाजारात गेलं.

मावशी आली त्या जुलैत मी तिला हॅमन्टनजवळच्या शेतावर घेऊन गेले. कमरेला बादली बांधायची आणि आपली आपण तोडायची. सुरुवातीला ती फळ ओढत होती. मळेवाल्या बाईंनी दाखवलं की ओढायचं नाही, अंगठ्याने हलकेच लोळवायचं. पिकलेलं आपोआप तळहातावर येतं. देठाजवळ लालसर दिसलं तर राहू द्यायचं. मावशीचं लहानपण करवंदांच्या जाळ्यांत गेलेलं. तासाभरात ती त्या बाईंना करवंदाच्या चिकाबद्दल मराठीत सांगत होती आणि त्या मान डोलावत ऐकत होत्या. पुण्याला गेल्यावर तिने टाइम्स स्क्वेअरचे फोटो दाखवले, पण बोलली ती या शेताबद्दल.

नकाशाबद्दलही इथल्या लोकांना फार वाटतं. 'सेंट्रल जर्सी' असा भाग आहे की नाही यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. शेवटी २०२३ साली राज्याने कायदाच केला आणि पर्यटन विभागाच्या नकाशात सेंट्रल जर्सीला जागा द्यायला लावली. आपला भाग नकाशात असावा ही इच्छा किती खोल असते ते यावरून कळेल.

कुठली ठिकाणं घ्यायची हे ठरवतं कोण?

सौंदर्याइतकाच हिशेब विमानतळ, हमरस्ता, पन्नास माणसांची हॉटेलं आणि बस वळवायची जागा यांचा असतो. शिवाय राज्यांची पर्यटन खाती जाहिराती करतात. युटाने २०१३ साली आपल्या पाच राष्ट्रीय उद्यानांची 'माइटी फाइव्ह' म्हणून जाहिरात सुरू केली: झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स. यादी सोपी, चटकन तोंडात बसणारी. पाचही ठिकाणं अप्रतिम आहेत यात वाद नाही. पण आर्चेसला इतकी झुंबड उडाली की २०२२ साली वेळ ठरवून प्रवेश द्यावा लागला. पायथ्याच्या मोअॅब गावातल्या लोकांना आपल्याच गावात गाडी लावायला जागा मिळेना. यादीत आलेल्यांनाही त्रास होतो तो असा.

लास व्हेगसहून एका दिवसात ग्रँड कॅन्यन होतं म्हणतात. ते खरं का?

होतं, पण कुठलं ग्रँड कॅन्यन ते विचारा. यात मी स्वतः फसले आहे.

सासूसासऱ्यांसाठी मी एक दिवसाची सहल घेतली होती. पत्रकावर फक्त 'ग्रँड कॅन्यन' लिहिलेलं. तिथे पोचल्यावर कळलं की हे राष्ट्रीय उद्यान नव्हेच. हे ग्रँड कॅन्यन वेस्ट, ह्वालापाई या आदिवासी राष्ट्राच्या मालकीच्या जमिनीवरचं. काचेचा स्कायवॉक आहे तो इथेच, २००७ साली खुला झालेला. राष्ट्रीय उद्यानाचा पास इथे चालत नाही. फोटोंमधली सोळा-सोळा किलोमीटर रुंद, थरांवर थर रचलेली दरी दिसते ती दक्षिण कड्यावरून, म्हणजे साउथ रिमवरून. व्हेगसहून ते सुमारे ४५० किलोमीटर, एका बाजूला साडेचार तास. वेस्ट त्याच्या निम्म्याहूनही जवळ, म्हणून एका दिवसाच्या सहली तिकडे वळतात.

वेस्ट बघू नये असं मी म्हणत नाही. ती ह्वालापाई लोकांची भूमी आहे, तिथल्या पर्यटनावर त्यांचं पोट आहे, आणि ती त्यांची म्हणून बघायला जाण्यात अर्थ आहे. माझी तक्रार पत्रकाशी आहे. सासऱ्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यांना कोलोराडो नदीने कापलेले ते थर बघायचे होते. शक्य असेल तर साउथ रिमजवळ एक मुक्काम करा. मावळतीचं आणि उगवतीचं ऊन त्या दरीत निराळं उतरतं.

ॲरिझोनाच्या माणसाला विचारलंत तर तो आणखी एक सांगेल: राज्यातली बहुतेक माणसं राहतात ती दक्षिणेकडच्या वाळवंटात, फीनिक्स आणि टूसॉनच्या बाजूला, सग्वारो निवडुंगांच्या प्रदेशात. तिथे पाऊसही आपल्यासारखा जुलै-ऑगस्टमध्ये गडगडाट करत येतो आणि त्याला तेसुद्धा 'मॉन्सून'च म्हणतात.

व्हेगस पाहिलं म्हणजे नेव्हाडा पाहिलं का?

झगमगाटाचा तो प्रसिद्ध रस्ता कायद्याने लास व्हेगस शहरातसुद्धा येत नाही, पॅराडाइज नावाच्या बिगर-नगरपालिका भागात येतो. राज्य त्याच्याही बाहेर आहे: एकामागून एक डोंगररांगा, मधे ओसाड सपाटी, आणि ८० टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारची. आणि उच्चार 'नेवाडा' नको. मधला 'वा' इथे 'बॅट'मधल्या 'बॅ'सारखा, म्हणजे 'नेव्हॅडा'. तिथल्या माणसांना याचं फार असतं.

लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को झालं. कॅलिफोर्निया झालं ना?

दिवाळीच्या फराळासाठी तुम्ही 'कॅलिफोर्निया बदाम' आणता ते या दोन्ही शहरांत पिकत नाहीत. ते येतात सेंट्रल व्हॅलीतून, म्हणजे फ्रेझ्नो, मोडेस्टो, बेकर्सफील्डच्या पट्ट्यातून. जगातले बहुतांश बदाम या एका खोऱ्यात होतात आणि त्यांचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक भारत आहे. फेब्रुवारीत हजारो एकर बागा एकदम पांढऱ्या-गुलाबी फुलतात. तिथली माणसं म्हणतात की आम्ही जगाला खाऊ घालतो आणि आमच्या गावात कोणी चहालासुद्धा थांबत नाही. मला ते पटतं.

सिएटल कायम पावसात असतं, म्हणजे वॉशिंग्टन राज्य पावसाळीच असणार?

हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये! महाबळेश्वर आणि माण-खटाव एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. वॉशिंग्टनमध्ये सह्याद्रीच्या जागी कॅस्केड पर्वत आहे. समुद्राकडून येणारे ढग पश्चिम उतारावर रिते होतात आणि पूर्वेला पर्जन्यछाया पडते. किनाऱ्याजवळच्या होह अरण्यात वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर, तर पूर्वेच्या याकिमात सुमारे २०० मिलिमीटर.

कार्यक्रम मात्र पश्चिमेतच संपतो. स्पेस नीडल, पाइक प्लेस बाजार, फार तर माउंट रेनियर. आपल्या फळवाल्याकडे 'वॉशिंग्टन'चं स्टिकर लावलेली लालभडक सफरचंदं दिसतात ना, ती पूर्वेकडची, याकिमा आणि वेनॅचीच्या बागांतली. नद्यांचं पाणी कालव्यांनी आणून वाळवंटात पिकवलेली.

माउंट रशमोर बघावं का?

बघा, पण कोणाच्या डोंगरावर उभे आहात ते माहीत करून बघा.

चार राष्ट्राध्यक्षांचे ते चेहरे १९२७ ते १९४१ या काळात कोरले. साउथ डकोटा राज्यातला ब्लॅक हिल्स हा डोंगर लकोटा या आदिवासी लोकांसाठी पवित्र आहे आणि १८६८च्या तहाने तो त्यांच्याकडे राहायचा होता. १८७४ साली तिथे सोनं सापडलं आणि तीन वर्षांत सरकारने डोंगर घेतला. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हे घेणं भरपाई देण्याजोगं ठरवलं आणि व्याजासकट दहा कोटींहून अधिक डॉलर मंजूर झाले. लकोटांनी ते आजवर उचललेले नाहीत. त्यांना डोंगर हवा आहे. बहुतेक पत्रकांत याची एक ओळही नसते, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी उणीव ही आहे. एखादं सरोवर राहिलं तर पुढच्या खेपेला बघता येतं. एका समाजाची बाजू न ऐकता आपण फोटो काढून परतलो, तर आपण ते ठिकाण पाहिलेलंच नसतं.

साउथ डकोटाचे लोक आपलं राज्य मिसुरी नदीने दोन भागांत वाटतात: 'ईस्ट रिव्हर' आणि 'वेस्ट रिव्हर'. पश्चिमेला गुरांची कुरणं, पूर्वेला मका आणि सोयाबीन. रशमोर, बॅडलँड्स, सगळे पॉइंट वेस्ट रिव्हरला. सर्वांत मोठं शहर सू फॉल्स मात्र ईस्ट रिव्हरला.

नेब्रास्कासारख्या राज्यांत खरंच काही नाही का?

नेब्रास्काच्या पर्यटन खात्याने २०१८ साली स्वतःच जाहिरात केली होती, तिचा आशय असा: खरं सांगायचं तर हे सगळ्यांसाठी नाही. पण मार्चमध्ये कर्नी गावाजवळ प्लॅट नदीवर जा. पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रेन पक्षी उत्तरेकडे जाताना तिथे उतरतात. भिगवणला रोहित बघायला पहाटे चारला उठणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये. उजाडायच्या आधी लपणगृहात बसायचं, बोलायचं नाही, आणि पात्रातून तो खर्जातला कलकलाट उठतो तो ऐकायचा.

मिशिगनची माणसं सारखा हाताचा पंजा का दाखवतात?

कारण राज्याचा खालचा भाग हुबेहूब पंजासारखा आहे. माझी शेजारीण गाव सांगताना तळहात वर धरते आणि अंगठ्याच्या पेरावर बोट टेकवते. पण वरचं द्वीपकल्प, अप्पर पेनिन्सुला, त्या पंजात बसत नाही आणि बऱ्याच कार्यक्रमांतही नाही. क्षेत्रफळ राज्याच्या पावभागाहून जास्त, वस्ती शंभरात तीन माणसांची. १९५७ साली मॅकिनॉ पूल झाला तेव्हा कुठे ते रस्त्याने जोडलं गेलं.

टेक्सस आणि फ्लोरिडा?

टेक्ससमध्ये ह्यूस्टन ते एल पासो १,२०० किलोमीटर आहे. 'टेक्सस चार दिवसांत' असं लिहिलेलं दिसलं की त्यातलं एकच शहर निवडा. फ्लोरिडाचे लोक म्हणतात, उत्तरेकडे जाल तितका 'दक्षिणे'चा मुलूख लागतो. मायामी-ऑर्लँडो सोडून वर गेलात की भाषा, जेवण, चर्च सगळं जॉर्जिया-अलाबामासारखं होत जातं.

मग स्थानिकांचं सगळंच ऐकायचं का?

मुळीच नाही. स्थानिकांनाही आपलं राज्य पुरतं ठाऊक नसतं. स्वातंत्र्यदेवीच्या पायथ्याशी कधीही न गेलेले जन्मजात न्यूयॉर्ककर मला माहीत आहेत. शिवाय ते आपल्या लहानपणाची ठिकाणं सांगतात. तिथला 'पाय' (pie) हा गोड पदार्थ खाऊन तुम्हाला त्यांच्या आजीची आठवण येणार नाही. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या माणसाला जन्मात एकदाच यायचं असेल, तर नायगारा सोडून आडवाटेचा धबधबा दाखवणं हा अन्याय आहे.

प्रश्न मात्र नीट विचारा. "काय बघू?" विचारलंत की पत्रकातलीच नावं परत येतात. "घरी पाहुणे आले तर रविवारी त्यांना कुठे नेता?" असं विचारलंत की माणूस खुलतो.

आईबाबा सहा महिने येताहेत. टूर घ्यावी की आपण फिरवावं?

दोन्ही करा. लांबच्या प्रसिद्ध ठिकाणांना टूर बरी, कारण मराठी बोलणारी सोबत आणि जेवणाची सोय असते. पण घराच्या दोन तासांच्या परिघातलं तुम्हीच दाखवा, शनिवारी एकच ठिकाण, डबा बरोबर. स्वच्छतागृह, बाक आणि सावली कुठे आहे ते आधी बघून ठेवा. राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा पास फक्त नागरिक आणि कायमच्या रहिवाशांना मिळतो, तेव्हा पाहुण्या आईबाबांचा खर्च वेगळा धरा.

ऑक्टोबरमध्ये येतोय. न्यू जर्सीत एकच दिवस मोकळा आहे. कुठे जाऊ?

पाइन बॅरन्समध्ये, चॅट्सवर्थ गावाच्या बाजूला. तेव्हा क्रॅनबेरीची काढणी चालू असते. वाफ्यांत पाणी सोडतात, यंत्र फिरवून फळं वेलींवरून सुटी करतात आणि ती हलकी असल्यामुळे वर तरंगतात. कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसं तो लाल सडा एका कडेला ओढत आणतात. शेतं खाजगी आहेत, तेव्हा बांधावर पाय ठेवू नका, रस्त्याच्या कडेवरूनही छान दिसतं. सकाळी लवकर निघा, गाडीत पेट्रोल भरून घ्या, आणि वाळूच्या रस्त्यावर गाडी घालायच्या आधी तिथल्या कोणाला तरी विचारा.